साथ आली तर कोणाचं काम काय? सीमाभागातल्या माणसाने समजून घेण्यासारखं

फेब्रुवारी २०२१ मध्ये कर्नाटक सरकारने नियम केला, की महाराष्ट्रातून येणाऱ्याकडे ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर निगेटिव्ह रिपोर्ट हवा. पुण्याहून बेंगळुरूला लग्नाला निघालेल्या माणसाला हा त्रास एकदाच होणार होता. निपाणीत राहून रोज कागलच्या एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या पोराने हाच नियम तंतोतंत पाळायचा म्हटलं, तर त्याला आठवड्यातून दोनदा तरी स्वॅब द्यावा लागणार होता. नाहीतर संध्याकाळी कोगनोळी नाक्यावर त्याला स्वतःच्याच तालुक्यात शिरता आलं नसतं. नियम लिहिताना त्या पोराचा विचार कोणी केला नाही, हे उघड आहे.

सीमाभागात साथीचं गणित इथेच अडतं. चंदगड तालुक्यातला माणूस मोठं दुखणं झालं की बेळगावला येतो. निपाणी-चिकोडीकडचा कोल्हापूरला जातो, कागवाड-अथणीचा मिरजेला. खानापूरकडचे लोक बेळगावला येतात, नाहीतर थेट गोव्यात बांबोळीचा सरकारी दवाखाना गाठतात. बेळगावची भाजी आणि दूध चोर्ला घाटाने गोव्यात उतरतं. सोयरीक तर तिन्हीकडे. एकट्या बेळगाव जिल्ह्याच्या सीमेला कोल्हापूर, सांगली, सिंधुदुर्ग आणि गोवा लागून आहेत. माणसं, दवाखाने, बाजार सगळं रेषेच्या दोन्ही बाजूंना पसरलेलं, आणि सरकारी यंत्रणा मात्र आपापल्या रेषेपाशी थांबते. साथीत सरकारने काय करायचं आणि लोकांच्या संघटनांनी काय करायचं, हा प्रश्न सगळीकडेच आहे. आपल्याकडे त्याचं उत्तर जरा वेगळं लिहावं लागतं.

माझं म्हणणं आधीच सांगतो. सक्ती, पैसा, लस, प्रयोगशाळा ही कामं सरकारचीच आहेत आणि ती कोणत्याही मंडळाच्या, मठाच्या किंवा सेवाभावी संस्थेच्या गळ्यात घालता येत नाहीत. लोकांच्या संघटनांचं काम वेगळं आहे. गावात काय चाललंय ते सरकारला कळवायचं, सरकारचं म्हणणं घराघरात समजेल असं पोचवायचं, आणि सरकार चुकलं तर जाब विचारायचा. ही दोन्ही कामं एकमेकांत मिसळली की माणसं मरतात.

कायद्यात अधिकार कुणाकडे

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत कामांची वाटणी आहे. सार्वजनिक आरोग्य आणि दवाखाने हा राज्य सूचीतला सहावा विषय. म्हणून आपल्या पीएचसीतला, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रातला डॉक्टर, तालुका आरोग्य अधिकारी आणि बीम्सचा, म्हणजे बेळगावच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचा सगळा कारभार बेंगळुरूकडे पाहतो. पण समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो त्या यादीत, २९ व्या क्रमांकावर एक विषय आहे: संसर्गजन्य रोग एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पसरू न देणं. आणि केंद्र सूचीत ८१ व्या क्रमांकावर आहे आंतरराज्य स्थलांतर आणि आंतरराज्य क्वारंटाईन.

हे नीट वाचलं तर कळतं की दोन राज्यांच्या मधल्या नाक्याचा प्रश्न घटनाकारांना आधीच दिसला होता. शेजारची दोन राज्यं साथीत एकमेकांकडे संशयाने पाहतील आणि त्यांच्यावर कोणीतरी तिसरा लागेल, हे त्यांनी ओळखलं होतं. तो तिसरा म्हणजे केंद्र. २०२० मध्ये लॉकडाऊनचा आदेश दिल्लीहून आला, २०२१ मध्ये तो राज्यांनी आपापला काढला, पण नाक्यांवरचे रोजचे प्रश्न त्या त्या राज्याच्या आणि जिल्ह्याच्या मर्जीवरच राहिले. केंद्राने इथे आणखी लक्ष घालायला हवं होतं, असं मला ठामपणे वाटतं.

मार्ग निघू शकतो याचा पुरावा कर्नाटकाच्या दुसऱ्या टोकाला आहे. मार्च २०२० मध्ये कर्नाटकाने केरळच्या सीमेवरचे रस्ते माती टाकून बंद केले. कासरगोडची माणसं उपचारासाठी वर्षानुवर्षं मंगळूरला जात आली आहेत, जशी निपाणीची कोल्हापूरला जातात. रस्ता बंद झाला आणि रुग्ण अडकले. प्रकरण केरळ उच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने १ एप्रिल २०२० रोजी केंद्राला अडथळे हटवायला सांगितलं. पुढे सर्वोच्च न्यायालयात वाद गेल्यावर केंद्र आणि दोन्ही राज्यांनी बसून तलपाडी नाक्यावरून रुग्णांना कसं सोडायचं याचे निकष ठरवले. आठवडाभरात हे झालं. म्हणजे ठरवलं तर जमतं. कोगनोळी, कागवाड, बाची-शिनोळी या नाक्यांसाठी असे निकष आधीच लिहून ठेवायला काय हरकत आहे? सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल लागायचा तेव्हा लागेल. रुग्णवाहिकेला तोवर थांबवून ठेवता येत नाही.

आता राज्याच्या खाली या. साथीत दोन कायदे वापरले जातात. एक १८९७ चा साथरोग कायदा. मुंबईत प्लेग आला म्हणून इंग्रजांनी घाईघाईत केलेला, मुळात अवघ्या चार कलमांचा. त्यात सरकारला अधिकार पुष्कळ आहेत, लोकांच्या हक्कांबद्दल जवळजवळ काही नाही. २०२० मध्ये त्यात दुरुस्ती होऊन डॉक्टर-नर्सवर हल्ला करणाऱ्यांना कडक शिक्षा आली, ती योग्यच. कर्नाटकाने त्याच वर्षी स्वतःचा वेगळा साथरोग कायदाही केला. दुसरा २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा. राष्ट्रीय लॉकडाऊन या कायद्याखाली लागला. त्यात जिल्हा पातळीवर एक प्राधिकरण असतं. त्याचे अध्यक्ष जिल्हाधिकारी, म्हणजे आपले डीसी, आणि सहअध्यक्ष जिल्ह्यातला लोकांनी निवडून दिलेला प्रतिनिधी, म्हणजे जिल्हा पंचायतीचा अध्यक्ष.

सहअध्यक्षाची ही तरतूद फार महत्त्वाची आहे, कारण टेबलावर एक तरी माणूस मतदारांना तोंड दाखवणारा असावा असा तिचा अर्थ आहे. प्रत्यक्षात काय झालं? कर्नाटकातल्या जिल्हा आणि तालुका पंचायतींची मुदत २०२१ मध्ये संपली आणि निवडणुका वर्षानुवर्षं लांबत गेल्या. बेळगाव शहराची गोष्ट त्याहून वाईट. महापालिकेच्या लोकनियुक्त सभागृहाची मुदत २०१९ मध्ये संपली आणि निवडणूक झाली सप्टेंबर २०२१ मध्ये. म्हणजे पहिली लाट आणि दुसरी लाट, दोन्ही वेळा शहरात एकही नगरसेवक नव्हता. कारभार प्रशासक पाहत होते. गल्लीत सॅनिटायझर फवारायचंय, कंटेनमेंटचे बांबू ठोकल्यावर आत अडकलेल्या म्हातारीला औषध पोचवायचंय, तर फोन कोणाला करायचा? लोकांनी माजी नगरसेवकांना केले, मंडळाच्या अध्यक्षांना केले, पंचांना केले. त्यांनी धावपळही केली. पण त्यांच्याकडे ना निधी होता ना अधिकार.

नागरी समाज, नागरी समाज असं पुस्तकात म्हणतात तो आपल्याकडे असाच असतो. तरुण मंडळ, देवस्थानची पंच कमिटी, मशिदीची जमात, महिलांचे स्त्रीशक्ती संघ, दूध डेअरी, सोसायटी, वाचनालय, डॉक्टरांची संघटना, स्थानिक वर्तमानपत्राचा वार्ताहर. निवडून न आलेली, पगार न घेणारी, पण गावाला माहीत असलेली माणसं.

सक्ती आणि विश्वास

मराठी वाचकाला १८९७ चं पुणं वेगळं सांगायला नको. रँडच्या प्लेग कमिटीने सोल्जर घरात घुसवले, देवघरं उचकटली, बायामाणसांना उघड्यावर तपासलं. रोग थांबवण्यासाठी शोध आणि विलगीकरण गरजेचं होतं, हे वैद्यकीयदृष्ट्या खरंच होतं. पण पद्धत अशी, की लोक रोगापेक्षा तपासणीला भ्यायले आणि रोगी लपवू लागले. २२ जून १८९७ ला रँडवर गोळी झाडली गेली, पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. त्याच शहरात, त्याच काळात, सावित्रीबाई फुले हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात मुलाने, डॉ. यशवंतने, उघडलेल्या दवाखान्यात रोग्यांची सेवा करत होत्या. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. त्यांच्याकडे कायद्याचा अधिकार नव्हता. तरी रोग्यांना आणणारी माणसं होती.

या दोन चित्रांवरून कुणी असा अर्थ काढू नये की सरकार वाईट आणि समाज चांगला. ससाणे मळ्यातला दवाखाना अख्ख्या पुण्याचा प्लेग थांबवू शकला नसता. तेवढी ताकद फक्त सरकारकडे असते. आपल्या टिळकवाडीतलं वॅक्सिन डेपो आठवा. आज तिथे लोक सकाळी फिरायला जातात, पण इंग्रजांच्या काळात तिथे देवीच्या रोगाची लस तयार व्हायची. जानेवारी २०२१ मध्ये कोव्हिशिल्डचे खोके बेळगावला आले ते तिथेच ठेवले गेले, आणि उत्तर कर्नाटकातल्या जिल्ह्यांना तिथून वाटले गेले. लस २ ते ८ अंश तापमानात ठेवायची, वीज गेली तरी थंड राहायला हवी, कोणत्या तालुक्याला किती डोस याचा हिशोब हवा. हे काम वर्गणीवर होत नाही. एप्रिल २०२० मध्ये बेळगावातल्या आयसीएमआरच्या, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या संस्थेत कोविड चाचणी सुरू झाली, तेव्हा कुठे जिल्ह्यातले स्वॅब बाहेरगावी पाठवणं कमी झालं. प्रयोगशाळा उभारणं, ऑक्सिजन मिळवणं, बेड मोजणं, डॉक्टरांची भरती करणं यासाठी आपण कर भरतो. मे २०२१ मध्ये चामराजनगरच्या सरकारी रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण गेले, ऑक्सिजनच्या तुटवड्याच्या बातमीने राज्य हादरलं, आणि केंद्राने कर्नाटकाचा ऑक्सिजन कोटा वाढवावा म्हणून उच्च न्यायालयाला आदेश काढावा लागला. त्या दिवसांत ठिकठिकाणी तरुण पोरं सिलिंडर डोक्यावर घेऊन फिरली, त्यांचे उपकार आहेतच. पण सिलिंडर शोधत फिरायची वेळ पोरांवर का आली, हे विचारायचं राहून जाऊ नये. लोकांचं कौतुक करता करता सरकारची जबाबदारी झाकली जाते, आणि पुढच्या वेळी सरकार तेच गृहीत धरतं.

जिथे सरकारचा हात पोचत नाही

समजा बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेला, बाचीच्या अलीकडे एखादं गाव आहे. घरात सासूला ताप, अंगदुखी, वास येत नाही. सून चार दिवस कोणाला सांगत नाही, कारण मागच्या वेळी शेजारच्या गल्लीत एकाला ताप आला तर त्यांच्या दारात बांबू बांधले आणि डेअरीने त्यांचं दूध घेणं बंद केलं. तालुक्याच्या यंत्रणेला हे घर दिसत नाही. देशात २००४ पासून रोगसर्वेक्षणाचा कार्यक्रम आहे. त्यात गावपातळीवरून लक्षणं, डॉक्टरकडून संशयित रुग्ण आणि प्रयोगशाळेतून पक्के रुग्ण अशी तीन थरांची माहिती वर जाते. व्यवस्था चांगली आहे, पण पहिला थर त्या सुनेने तोंड उघडण्यावर अवलंबून आहे. त्यात भर म्हणजे सासूला घेऊन ते घर उद्या चंदगडच्या एखाद्या डॉक्टरकडे गेलं, तर नोंद महाराष्ट्राच्या कागदात चढणार. बेळगावला कळायचं तर दोन जिल्ह्यांच्या आरोग्य कचेऱ्यांनी एकमेकांना सांगायला हवं.

सुनेचं तोंड कोण उघडवणार? पोलीस नव्हे. आशाताई उघडवू शकते, बचत गटातली मैत्रीण उघडवू शकते. डेअरीच्या पंचांनी आधीच जाहीर केलं असतं, की कुणाच्याही घरी आजार झाला तरी त्या घरचं दूध वेगळ्या कॅनमध्ये घेऊ पण बंद करणार नाही, तर ती पहिल्याच दिवशी बोलली असती. लोकांच्या संघटनेने साथीत करायचं सगळ्यात मोठं काम मला हेच वाटतं: आजार सांगणाऱ्याचं नुकसान होऊ न देणं. त्याला खर्च कमी लागतो आणि ते सरकारला करताच येत नाही.

आशाताईंचं स्थान थोडं विचित्र आहे, म्हणून त्यांच्याबद्दल दोन शब्द जास्त. २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानात साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा नेमली गेली. ती त्याच गावची सून किंवा लेक. सरकार तिला कर्मचारी मानत नाही, स्वयंसेविका मानतं, आणि मानधन देतं. म्हणजे काम सरकारचं, ओळख गावची, पगार मात्र कोणाचाच नाही. कोविडमध्ये घरोघरी जाऊन यादी करणारी, क्वारंटाईनच्या घरावर लक्ष ठेवणारी, शिव्या खाणारी तीच होती. जुलै २०२० मध्ये कर्नाटकातल्या सुमारे ४२ हजार आशा संपावर गेल्या. मागणी होती महिना १२ हजार रुपयांची आणि पुरेशा मास्क-हातमोज्यांची. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांना जागतिक सन्मान दिला. सन्मानाचा मला आनंद आहे. पण पुढची साथ यायच्या आत त्यांना नियमित पगार आणि विमा मिळाला नाही, तर त्या सन्मानाने एकही घर चालणार नाही.

मे २०२१ मध्ये, दुसरी लाट ऐन जोरात असताना, गोकाक तालुक्यातल्या एका गावात देवाला सोडलेल्या घोड्याच्या अंत्ययात्रेला शेकडो लोक जमले. तो घोडा गावाचं रोगापासून रक्षण करील अशी लोकांची श्रद्धा होती. प्रशासनाने गाव सील केलं, तपासण्या केल्या. बाहेरच्या लोकांनी व्हिडिओ पाहून नाकं मुरडली. पण श्रद्धा आपल्या भागात नवी नाही. मरगाई देवीचे वार पाळणं, गावाच्या वेशीवर नारळ फोडणं, प्लेगच्या काळात गाव रिकामं करून माळावर झोपड्या घालून राहणं, हे सगळं आपल्या आजी-पणज्यांनी केलं आहे. यातलं गाव रिकामं करणं तर शास्त्रालाही धरून होतं, कारण प्लेग उंदरांच्या पिसवांनी पसरतो आणि उंदीर घरात राहतात. श्रद्धेच्या माणसांशी आधी बोलणी झाली असती, मठाच्या स्वामींनी किंवा पुजाऱ्याने स्वतः सांगितलं असतं की पाच जणांनी विधी करू, बाकीच्यांनी घरातून नमस्कार करा, तर गाव सील करायची वेळ टळली असती. वार पाळायचा म्हणजे घरी बसायचं, शेतावर जायचं नाही, बाहेरच्याला आत घ्यायचं नाही. साथीत गावाला यापेक्षा जवळची शिस्त कुठली शिकवणार?

आणि हो, नियम सगळ्यांना सारखा नसेल तर कोणताही स्वामी किंवा पुजारी ऐकवू शकत नाही. बेळगावचे खासदार आणि केंद्रीय राज्यमंत्री सुरेश अंगडी सप्टेंबर २०२० मध्ये कोविडनेच गेले. त्यांच्या जागेची पोटनिवडणूक १७ एप्रिल २०२१ ला झाली, दुसरी लाट चढत असताना. लग्नाला किती माणसं आणि अंत्यविधीला किती, याची मोजणी चालू असताना प्रचाराच्या गर्दीकडे सगळ्यांनी काणाडोळा केला. सगळ्या पक्षांनी, आणि हे मी आपल्या मराठी मंडळींनाही धरून म्हणतो. त्या महिन्यात यंत्रणेचा शब्द गावात हलका झाला आणि तो पुन्हा जड व्हायला फार वेळ लागला.

सूचना कोणत्या भाषेत

साथीतली सूचना ही औषधासारखी असते, समजली तरच लागू पडते. नाक्यावरचा फलक, कंटेनमेंटचं पत्रक, लसीनंतर काय काळजी घ्यायची त्याचा कागद, हे सगळं सीमाभागात फक्त कन्नडमधून आलं, तर खानापूरच्या किंवा बेळगावच्या पश्चिम भागातल्या साठी उलटलेल्या बाईला नातवाला विचारावं लागतं. नातू घरी नसला तर ती अंदाजाने वागते. यात कन्नडला विरोध नाही. वर कन्नड असावं, खाली मराठी असावं.

ही मेहेरबानी मागायची गोष्ट नाही. भाषिक अल्पसंख्याकांसाठी देशात ठरलेल्या संरक्षणांत स्पष्ट आहे, की एखाद्या जिल्ह्यात किंवा तालुक्यात १५ टक्क्यांहून अधिक लोक एखादी भाषा बोलत असतील, तर महत्त्वाचे नियम आणि सूचना त्या भाषेतही प्रसिद्ध करायच्या. जत आणि अक्कलकोट तालुक्यांतल्या कन्नड भाषकांसाठी महाराष्ट्राने कन्नडमधून पत्रकं काढावीत, हेही तेवढ्याच जोराने म्हटलं पाहिजे. केंद्राने लसीच्या नोंदणीचं कोविन पोर्टल जून २०२१ मध्ये हिंदी आणि दहा प्रादेशिक भाषांत आणलं, त्यात मराठी आणि कन्नड दोन्ही होत्या, आणि ते बेळगावातही मराठीत उघडत होतं. संगणकाला जमतं ते तालुका कचेरीच्या झेरॉक्स मशीनला का जमू नये? सरकारी मराठी पत्रक येईपर्यंत भाषांतर करून रिक्षाला भोंगा लावून गावभर फिरवणं, हे वाचनालयांचं आणि शाळामास्तरांचं काम. मात्र भाषांतर करणाऱ्याने स्वतःच्या मनाचं एक वाक्यही घालू नये आणि पत्रकाची तारीख वाचून दाखवावी. अफवा बहुतेक वेळा जुन्या सूचनेतूनच जन्माला येते.

लोकांनी काय करू नये, आणि जाब कसा विचारावा

मार्च २०२० मध्ये कित्येक गावांनी वेशीवर काटेरी झुडपं आडवी टाकली, चर खणले. भीती समजण्यासारखी होती. पण रस्ता अडवणं हा सक्तीचा प्रकार आहे, आणि सक्ती करण्याचा अधिकार कायद्याने फक्त सरकारला दिला आहे, कारण सरकारला कोर्टात खेचता येतं. मंडळाच्या पोरांनी बाळंतिणीची गाडी अडवली तर तिने दाद कोणाकडे मागायची? मुंबई-पुण्याहून परतलेल्या आपल्याच माणसांना गावाने शाळेत ठेवलं, ते ठीक, पण तिथे पाणी, संडास आणि जेवण देणं पंचायतीचं काम होतं. कुठे ते झालं, कुठे नाही.

सरकारनेही मर्यादा ओलांडल्या. मार्च २०२० मध्ये कर्नाटकाने होम क्वारंटाईनमधल्या लोकांचे पत्ते जाहीर केले, आणि दर तासाला सेल्फी पाठवायला सांगणारं अॅप आणलं. पत्ता जाहीर झालेल्या घराचं काय होतं, ते वरच्या दुधाच्या गोष्टीवरून कळेल. अशा वेळी वकील, पत्रकार आणि संघटनांनी प्रश्न विचारणं हे साथीच्या कामात अडथळा आणणं नसतं. ते साथीचंच काम आहे.

याचं सगळ्यात ठोस फळ म्हणजे मृतांच्या वारसांना मिळालेली मदत. सरकारने स्वतःहून ती दिली नाही. जनहित याचिका झाल्या, सर्वोच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये मार्गदर्शक नियम करायला लावले, आणि ऑक्टोबरमध्ये प्रत्येक मृत्यूमागे ५० हजार रुपये मंजूर झाले. कर्नाटकाने कमावता माणूस गेलेल्या बीपीएल कुटुंबांना वेगळे १ लाख रुपये जाहीर केले. सीमाभागात मात्र अडचण अशी, की जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे मृत्यू जिथे झाला तिथे नोंद होते. कागवाडचा माणूस मिरजेत गेला तर दाखला मिरजेचा. घर कर्नाटकात, रेशन कार्ड कर्नाटकात, मृत्यूचा दाखला महाराष्ट्रातला, आणि तो मराठीत. अर्ज घेणाऱ्या कारकुनाला मराठी वाचता येत नाही आणि विधवेला कन्नड लिहिता येत नाही. अशा घरासोबत तहसीलदार कचेरीत जाऊन बसणारा एक जाणता कार्यकर्ता शंभर रेशन किटांइतका मोलाचा असतो. रेशन किट वाटतानाचे फोटो निघतात, कचेरीत बसल्याचे निघत नाहीत, म्हणून या कामाला माणसं कमी मिळतात.

साथ नसताना करायची कामं

ग्रामीण आरोग्य अभियानातच प्रत्येक गावासाठी आरोग्य, स्वच्छता आणि पोषण समिती आहे. तिच्यात आशा, अंगणवाडी ताई, पंचायत सदस्य आणि गावातली माणसं असतात. तिला वर्षाला १० हजार रुपये मुक्त निधी मिळण्याची तरतूद आहे. कोविडमध्ये कर्नाटकाने ग्रामपंचायतीच्या अध्यक्षांच्या हाताखाली टास्क फोर्स नेमले, ते लाट ओसरल्यावर विरले. ही समिती मात्र कायमची आहे. बऱ्याच गावांत ती कागदावर आहे आणि सदस्यांनाच माहीत नाही की आपण सदस्य आहोत.

कर्नाटकाच्या पंचायत राज कायद्याप्रमाणे ग्रामसभा सहा महिन्यांतून एकदा तरी व्हायला हवी. पुढच्या ग्रामसभेला पीडीओ, म्हणजे पंचायत विकास अधिकारी, समोर बसलेले असतील. त्यांना समितीची यादी वाचून दाखवायला सांगा. मागच्या वर्षीचे १० हजार आले का आणि कशावर गेले, हे इतिवृत्तात लिहून घ्या. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची, डायलिसिसवर असलेल्यांची, गरोदर बायकांची यादी कोणाकडे आहे ते विचारा. आणि सीमेला लागून गाव असेल तर पीएचसीच्या डॉक्टरांना विचारा, की रेषेपलीकडच्या पीएचसीतल्या डॉक्टरचा नंबर त्यांच्याकडे आहे का. नसेल तर तिथेच बसून मिळवून द्या. कोणाचा तरी मेव्हणा त्या गावात असतोच.